पाळीवरचा वाटा

आमच्या घरच्यांना हाती आलेली वस्तू वाटून टाकल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. आमच्या घरचे म्हणजे दिव्यानीचे बाबा. त्यांचं नाव घनश्याम. ते इथे लिहिलं तेवढंच, तोंडाने मी घेत नाही. आणि हे मी कौतुकाने सांगते आहे असं कोणी समजू नये. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून मी हे सोसते आहे.

आम्ही ढिवर, मासोळी मारणारे लोक. आरमोरीहून जंगलाच्या बाजूला आत आलं की आमचं गाव लागतं, गावाला मोठा तलाव आणि तलावाला लांबलचक पाळ. मोठं जाळं ओढायचं असलं की सगळे मिळून पाण्यात उतरतात आणि मग त्या पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मासोळीचे वाटे पडतात. ज्याने जाळ्याच्या दोरीला हात लावला त्याचा वाटा. जो नुसता पाळीवर येऊन उभा राहिला त्यालाही मूठभर. पाळीवर आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही, ही रीत. वाटे पाडायचं काम आमच्या घरच्यांकडे, कारण ते स्वतःचा वाटा सगळ्यात शेवटी उचलतात आणि तो सगळ्यात लहान असतो. गाव त्यांना देवमाणूस म्हणतं. गावाला काय जातं म्हणायला, कालवण मला करायचं असतं.

आता दिव्यानीचं सांगते. ती आमची धाकटी. गडचिरोलीला कॉलेजात आहे आणि कबड्डी खेळते. चांगली खेळते असं सगळे सांगायचे, पण तिचा खेळ मी कधी पाहिला नव्हता. तिचे सामने कधी नागपूरला, कधी अमरावतीला, आणि मी मासोळीची टोपली घेऊन आरमोरीच्या बाजारात. मासोळी उद्यावर ढकलता येत नाही. तिने जिंकलेले कप घरी येत गेले, त्यांतल्या एकात मी चमचे ठेवते. फोटोही यायचे. पण फोटोतली पोरगी गळ्यात पदक घालून गुमान उभी असते. मला ती पळताना पाहायची होती.

यंदा तिची विद्यापीठाच्या संघात निवड झाली, संघ राजस्थानात गेला आणि एकेकाला लोळवत फायनलला पोचला. बुधवारी मी बाजारात बसले होते तेव्हा तिचा फोन आला.

"माय, परवा फायनल आहे. मोबाईलवर लाईव्ह दाखवून राह्यले. अकरा वाजता. पाहशीन ना?"

"पाहीन नाई तं काय! शुक्रवारचा बाजार गेला खड्ड्यात."

बोलायला बोलले, पण घरी येताना रस्ताभर काळजी. आमच्या गावात एकाच कंपनीची रेंज येते, तीही नव्या नवरीसारखी लाजत. घरात नाहीच. पाळीवर मोहाचं थोरलं झाड आहे, त्याच्या वरच्या फांद्यांपर्यंत येते आणि तिथूनच माघारी जाते. त्या कंपनीचं सिम गावात फक्त आमच्या फोनमध्ये. बाकीच्यांनी दुसरं स्वस्तातलं घेतलं, ते आरमोरीला गेल्यावर चालतं. त्यामुळे आमच्या घरचे फोन करायला झाडावर चढतात. नुसते फोन करायला नाही. सकाळी दातात दातवण धरून वर चढतात आणि फांदीवर बसून दंडारीच्या नाचगाण्याचे व्हिडिओ पाहतात. रिचार्ज दर काही महिन्यांनी महाग होतं, रोजचा डेटा दीड जीबी, आणि त्यातला अर्धा चहाच्या आधीच दंडारीत नाचून संपलेला असतो.

शेजारची आचल बी.एस्सी. करते. तिच्याकडे लॅपटॉप आहे आणि डोकंही आहे, दोन्ही एका घरात सहसा नसतं. तिने युक्ती काढली. फोन टोपलीत घालायचा, दोरीने ती टोपली मोहाच्या वरच्या फांदीला चढवायची, फोनचं हॉटस्पॉट सुरू करायचं आणि खाली तिचा लॅपटॉप त्याला जोडायचा.

"म्हंजे वर टाकी अन् खाली नळ," मी म्हणाले.

"बरोबर काकू. पण टाकी भरलेली पाहिजे. शुक्रवारी सकाळपासून कोणी फोनले हात लावायचा नाई."

मी गुरुवारी रात्री जेवणं झाल्यावर फोन बंद करून तांदळाच्या पिठाच्या डब्यात ठेवला. सकाळी आमच्या घरच्यांनी दातवण तोंडात धरून सगळं घर पालथं घातलं. उशी उचलून पाहिली, मलाच विचारलं. मी म्हटलं, आज दंडार तुमीच करा अंगणात.

पण मी फोन लपवला तरी तोंड कसं लपवणार? दोन दिवसांत हा माणूस घरोघरी सांगून आला होता. "शुक्रवारी पाळीवर या. आपल्या दिव्यानीची फायनल आहे. साऱ्यायले वाटा."

शुक्रवारी सकाळी पाळीवर जत्रा भरली. थंडीचे दिवस, धान कापून झालेलं, लोक मोकळेच होते. गिरजाबाई फुटाणे घेऊन आली. लटारूभाऊ, गावातले सगळ्यात जुने ढिवर, डफ घेऊन आले. आरमोरीला ज्याच्या दुकानात आमचं रिचार्ज होतं तो हेमराजसुद्धा मोटारसायकलवर येऊन हजर. बायका, म्हातारे, कडेवरची पोरं, सगळे आले आणि सगळ्यांच्या हातात आपापला फोन. आम्ही मासोळीची मोठी टोपली आडवी पाडली आणि ऊन लागू नये म्हणून लॅपटॉप तिच्या पोटात ठेवला. आचल हॉटस्पॉट सुरू करत होती.

"काका, पासवर्ड काय ठेवू?"

"थे काय रायते?"

"कुलूप, काका. ज्याले पासवर्ड माहीत, त्यालेच डेटा भेटते."

आमच्या घरच्यांचा चेहरा असा झाला की जणू तिने शिवी दिली. "पाळीवर कुलूप? नाई बाप्पा. जो आला त्याचा वाटा. खुलं ठेव."

आचलने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर पाळीवर कुलूप हे मलाही कानाला बरं लागलं नाही. मी म्हटलं, असू दे खुलं. टोपली वर चढली, फांदीला जाऊन टेकली, आणि खाली लॅपटॉपवर चित्र उमटलं.

काय सुरेख चित्र होतं! निळं मैदान, वर दिवे, बाजूला झेंडे. पाळीवर एकदम गलका झाला. "आलं! आलं!" गिरजाबाईने टोपलीला हात जोडले. मग एक जाडे पाहुणे माईकसमोर उभे राहिले आणि तोंड उघडून तसेच थांबले. त्यांच्या नाकावर एक चक्र फिरायला लागलं.

चक्र फिरतंय, फिरतंय. मध्येच पाहुण्यांचा हात हलला, पुन्हा चक्र. आचलने लॅपटॉप बंद केला, चालू केला. शेवटी टोपली खाली उतरवून फोन पाहिला. फोनवर निरोप आला होता. आजचा नव्वद टक्के डेटा वापरून झालेला आहे.

माझं डोकं असं तापलं म्हणता! "कोणी खाल्ला?" मी पाळीवर उभी राहून ओरडले. "सकाळी पिठाच्या डब्यातून पुरा काढला होता. इतक्यात कोणी खाल्ला?"

"मी तं काईच नाई पाह्यलं, कमळाबाई," गिरजाबाई म्हणाली. "फोन कमरेले खोचून आहे माह्या."

"मी बी नाई."

"माह्या मायची शप्पथ."

सगळे शपथा घ्यायला लागले आणि सगळे खरं बोलत होते. आचलने गिरजाबाईच्या कमरेचा फोन मागून घेतला, पाहिला आणि कपाळावर हात मारला. फोन आपला आपणच अपडेट घेऊन नवा होत होता. लटारूभाऊंचा फोन नातवाच्या लग्नाचे सगळे फोटो आणि व्हिडिओ खाली उतरवून घेत होता, लग्न होऊन किती महिने झाले तरी. हेमराजच्या फोनमध्ये तर दहा-बारा गोष्टी एकदम सुरू.

"हॉटस्पॉट वायफायसारखं दिसते ना," आचल म्हणाली, "तं फोनले वाटते फुकटचं भेटलं. तुमी हात नाई लावला तरी तो कमरेत बसल्या बसल्या खाते. माह्या लॅपटॉपनंबी खाल्लं, काकू. मी पाह्यलं नाई."

"हेमराजभाऊ, वरून अजून डेटा टाकता येते ना?" मी विचारलं.

हेमराज मान खाली घालून म्हणाला, "येते ना बाई. पण दुकान बंद करून आलो. अन् रिचार्जवाला फोन दुकानातच राह्यला."

"मंग तुमी कायले आले?"

"मॅच पाहाले."

मी आमच्या घरच्यांकडे वळले. खूप बोलायचं मनात होतं. वाटे पाडा म्हटलं, माह्या पोरीचे पाडा म्हटलं नव्हतं, असं सगळं जिभेवर आलं होतं. पण ते झाडाच्या बुंध्याशी उभे होते आणि हातातली दोरी नुसती गुंडाळत होते, उलगडत होते. आयुष्यभर ज्याने पाळीवरून कोणाला रिकामं जाऊ दिलं नाही, त्याच्या पाळीवर आज त्याचीच बायको रिकाम्या हाताने उभी होती. हे त्यांनाही कळलं होतं. भांडण राहून गेलं आणि मला रडू यायला लागलं. बाजार बुडाल्याचं नव्हतं ते रडू. अकरा वाजून गेले होते, तिकडे माझी पोरगी मैदानावर उतरत असेल, आणि तिला वाटत असेल की माय पाहते आहे.

तेव्हा लटारूभाऊ डफ बाजूला ठेवून उठले.

"घनश्याम, एक सांग गा. जाळ्यात मासोळी लयच कमी निघाली तं तू वाटे पाडते का?"

आमच्या घरच्यांनी मान हलवली. "नाई. मंग वाटे नाई पडत. ज्याच्या घरी गरज आहे, बाळंतीण आहे, पाव्हणा आहे, त्याच्या टोपलीत सारी जाते."

"मंग आता कोणाच्या घरी गरज आहे?"

गिरजाबाईने आपला फोन वर धरला, सगळ्यांना दिसेल असा, आणि बटण दाबून बंद केला. मग हेमराजने. मग एकेक करत सगळी पाळ. कोणाचा फोन बंद होताना गाणं म्हणाला, कोणाचा थरथरला. एका म्हाताऱ्याला बंद कसा करायचा ते येईना, त्याने बॅटरीच काढून खिशात टाकली.

"अन् आचल," आमच्या घरचे म्हणाले, "कुलूप लाव."

"पासवर्ड काय लावू?"

ते जरा घुटमळले. खाली पाहिलं, दोरी पाहिली. "कमळा," ते म्हणाले.

लग्नात नाव घेतलं असेल तेवढंच, त्यानंतर या माणसाने माझं नाव चारचौघांत घेतलं नव्हतं. पाळीवर बायका फिदीफिदी हसायला लागल्या. मी पदर तोंडाला लावला.

"काका, थोडं लहान पडते. अजून अक्षरं पाहिजे."

"मंग कमळाबाई लिव!"

आता सगळी पाळच हसली. हेमराज म्हणाला, "भाऊ, पासवर्ड साऱ्या गावाले माहीत झाला ना." त्यावर गिरजाबाई म्हणाली, "माहीत झाला तं झाला. लावून तं पाहा, हात मोडतो का नाई ते." टोपली पुन्हा वर गेली.

आचलने लॅपटॉप मिटून टाकला आणि आपला फोन मला दिला. चित्र तिने इतकं बारीक करून ठेवलं की डेटा कमीत कमी जाईल. पण फोनचा पडदा उन्हात दिसेना. हाताची सावली केली, पदराची केली, जमेना. शेवटी गिरजाबाईने अंगावरची चादर काढून माझ्या डोक्यावरून टाकली आणि मी आत, फोन आत. बाहेरच्यांना दिसत होतं ते फक्त चादरीचं गाठोडं.

"काय दिसून राह्यलं, कमळाबाई?"

"शाल."

"कायची शाल?"

"पाव्हण्यायले शाली देऊन राह्यले अजून!"

मला वाटलं उशीर झाला, पण त्या पाहुण्यांचे सत्कार संपलेच नव्हते. एकाला शाल, दुसऱ्याला नारळ, तिसऱ्याचं भाषण. आमचा उरलासुरला डेटा त्यांच्या नारळात चालला होता. मी चादरीतून त्यांना अशा शिव्या दिल्या की लटारूभाऊंनी म्हणे कानावर हात ठेवले. शेवटी एकदाची शिटी वाजली आणि पोरी मैदानात आल्या.

आणि मला कोणतीच दिव्यानी दिसेना. चित्र बारीक केल्यामुळे सगळ्या पोरी म्हणजे रंगाचे ठिपके. आमच्या पोरी पिवळ्या, समोरच्या लाल. तोंडं पुसलेली, पाठीवरचे आकडे पुसलेले. मी फोन डोळ्याला चिकटवला, लांब धरला.

"कोणती आपली? खेळून राह्यली का?" बाहेरून गलका.

"थांबा ना! मले चेहरे नाई दिसून राह्यले."

एक पिवळी पोरगी रेषेजवळ आली. चढाईला जाण्याआधी ती वाकली, जमिनीला बोटं लावली आणि ती बोटं कपाळाला लावली. आमचे लोक पाण्यात उतरण्याआधी तलावाला असाच हात लावतात. त्या निळ्या मैदानावर दुसऱ्या कोणत्या पोरीला हे सुचणार?

"दिसली!" मी ओरडले. "दिसली वो बाई, हे माह्यी पोरगी!"

बाहेर डफ कडाडला. त्यानंतर मी काय काय बोलले ते मला आठवत नाही, लोक अजून माझी नक्कल करून दाखवतात. कबड्डीतलं मला काही कळत नाही. बोनस म्हणजे काय, पकड कधी बाद होते, काही नाही. मला जे दिसत होतं ते मी सांगत होते.

"गेली… आत गेली… चौघीनं घेरलं… अवं हे लंबी पोरगी मागून येऊन राह्यली, दिव्याने, मागं पाह्य! … निसटली! निसटली, एकीले हात लावून आली!"

"पॉइंट!" बाहेरून हेमराज ओरडला, त्याला खेळ कळतो. "एक पॉइंट आपला!"

"आता एक लाल पोरगी आली… आपल्या पोरीनं तिचा पाय धरला… सोडू नको, सोडू नको… धरून ठेव, दम धर…"

पाळीवर माणसं उड्या मारत होती. आमच्या घरचे चादरीबाहेर अगदी माझ्या कानाशी बसले होते आणि दर दोन मिनिटांनी विचारत होते, "बरी आहे ना? लागलं नाई ना तिले?" मी चादरीतून म्हटलं, गुडघ्याले पांढरं दिसते, पट्टी असन. त्यावर ते म्हणाले, "कोणत्या?" मी म्हटलं, "डाव्या, आता गप बसा."

माझी पोरगी पळत होती. एवढंच मला पाहायचं होतं आणि मी ते पाहत होते. घरात तिला हाक मारली तर उठायला अर्धा तास लावते ती. इथे चित्त्याच्या चालीने आत शिरत होती, अंगावर आलेल्या दोघींच्या मधून वाकून निघत होती, मांडीवर थाप मारून परत उभी राहत होती. चादरीत मला घाम फुटला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मी इतकी खुश होते की फुटाण्यांची पुडी कोणी आत सरकवली तर मी ती कागदासकट तोंडात घातली.

खेळ संपत आला. हेमराजने बाहेरून विचारलं, "आकडा वाचा बाई, वरच्या कोपऱ्यात." मी डोळे ताणून वाचला. दोन्ही संघांचा सारखाच होता. "आता आपली चढाई अन् थेबी शेवटची," हेमराज म्हणाला.

दिव्यानी वाकली. हात जमिनीला, हात कपाळाला. आत गेली. डावीकडे गेली, परत आली, एकदम उजवीकडे झेपावली. लाल ठिपके तिच्यावर तुटून पडले. ती ढिगाऱ्याखाली. तिचा हात रेषेकडे लांबला होता. मग ढीग मोकळा झाला, कॅमेरा अगदी जवळ आला, ती उठून उभी राहिली, आणि तोंड फोनकडे करून अगदी माझ्याकडे पाहून हसली. एवढे दात दिसले.

आणि चित्र तिथेच थांबलं. चक्र फिरायला लागलं.

"काय झालं? काय झालं?"

"हासून राह्यली," मी म्हटलं. चादर काढली. उजेडाने डोळे दिपले. आचलने फोन पाहिला आणि मान हलवली. डेटा संपला होता, आता उद्याशिवाय काही नाही.

"हासून राह्यली म्हंजे जिंकली!" हेमराज म्हणाला. लटारूभाऊंनी डफ उचलला. कोणी म्हणालं जिंकली, कोणी म्हणालं हात रेषेला लागला का ते सांगा. मी काय सांगणार? मी तिचा चेहरा पाहत होते, हात कोण पाहतं!

इतक्यात झाडावर टोपली वाजायला लागली. डेटा संपला तरी फोन लागतो, हे कोणाच्या लक्षातच नव्हतं. कोणीतरी दोरी सोडायला धावलं. "खाली नको! रेंज जाईन!" आमच्या घरचे ओरडले आणि सरसर झाडावर चढले. त्या दिवशी त्या रोजच्या दंडारीचा उपयोग झाला, नाही म्हणायला. वर जाऊन त्यांनी टोपलीत हात घातला. आम्ही सगळे माना वर करून उभे.

"हां बेटा… हां… हां." मग खाली वाकून त्यांनी सांगितलं, "हारली. एका पॉइंटानं हारली."

डफ थांबला. मग गिरजाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हारली तं हारली! फायनल हाराले फायनलपावत जा लागते ना! तुमच्या घरचं कोणी गेलं का?" लटारूभाऊ म्हणाले, "बराबर आहे," आणि पहिल्यापेक्षा जोरात वाजवायला लागले. बायकांनी फेर धरला. हरलेल्या सामन्याची अशी मिरवणूक मी पहिल्यांदा पाहिली.

मला मात्र तिच्याशी बोलायचं होतं. फोन खाली येईना, मग मी वर गेले. लुगडं खोचलं आणि चढले. लहानपणी चारोळीची चारं खायला जंगलात झाडं पालथी घातली होती, हातपाय अजून विसरलेले नाहीत. खालून आचल "काकू, काकू" करत राहिली. आमच्या घरच्यांनी शेजारच्या फांदीवर सरकून मला जागा दिली आणि फोन दिला.

"माय, हारलो वो आमी."

"आयकलं. गुडघ्याले काय झालं?"

"काई नाई, खरचटलं. तुले दिसलं का सारं?"

"सारं दिसलं. तुह्या बाबानं माह्या वाट्याले पुरा खेळ देला." हे म्हणताना मी त्यांच्याकडे पाहिलं, ते पान तोडत बसले होते. "पण एक सांग. शेवटी पडून उठली अन् दात काढून काऊन हासून राह्यली होती? मले वाटलं जिंकली."

"शिटी वाजली होती, माय. हारलो थे समजलं होतं. पण कॅमेरा समोरच होता. म्हटलं, माय पाहून राह्यली असन. रडताना दिसली असती तं तू दोन दिवस जेवली नसती."

इतकी लहान पोर, हरलेल्या क्षणाला, अंगावर चार जणी पडून उठलेली, आणि तिला माझ्या जेवणाची काळजी. मी फांदी घट्ट धरली.

"दिव्याने," मी म्हटलं, "आता कॅमेरा नाई. आता कोणी नाई पाहून राह्यलं. रडून घे."

मग ती रडली. चांगली हुंदके देऊन रडली. मी हां बेटा, हां बेटा करत राहिले. आमच्या घरच्यांनी डोळे पुसायला माझाच पदर ओढला. खाली डफ वाजत होता, गिरजाबाई नाचत होती.

रडून झाल्यावर तिने नाक ओढलं आणि विचारलं, "माय, हा डफ कायचा? अन् तुह्या आवाजासंग पानं काऊन सळसळून राह्यली?"

"डफ तुह्यासाठी. अन् पानं मोहाची. मी मोहावर आहो."

"काय?"

"झाडावर चढून आहो. तुहे बाबाबी आहेत बाजूच्या फांदीवर."

मग दिव्यानी हसली. कॅमेऱ्यासमोर हसली होती तशी नाही. लहानपणी हसायची तशी, श्वास अडकेपर्यंत, थांबून पुन्हा, "माय झाडावर" म्हणून पुन्हा, मैत्रिणींना सांगून पुन्हा. हे हसू तिने माझ्यासाठी आणलेलं नव्हतं, ते तिला आपोआप आलं होतं. ते ऐकून मीही हसायला लागले, फांदी हलायला लागली, आणि आमच्या घरच्यांनी मी पडू नये म्हणून माझा दंड धरून ठेवला.